पिल्लू घरी एकटं ठेवायचंय? आधी क्रम नीट लावा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका ओळखीच्यांचा फोन आला. सहा महिन्यांचं लॅब्रेडॉर, नवरा-बायको दोघं नोकरीला. भरपूर खेळणी आणली, सगळी हॉलमध्ये मांडली, दार ओढून घेतलं. संध्याकाळी येऊन बघतात तर खेळणी जागच्या जागी आणि सोफ्याचा कापूस घरभर. "आता कसली खेळणी आणू?" हा त्यांचा प्रश्न.

खेळण्यांत खोट नव्हती. जी गोष्ट सगळ्यात शेवटी करायची ती त्यांनी पहिल्या दिवशी केली होती. एकटं राहणं पिल्लाला उपजत येत नाही. ते शिकवावं लागतं, आणि खेळण्यातून खाऊ काढणंही शिकवावं लागतं. दोन्ही वेगवेगळं शिकवून झालं की मगच एकत्र करायचं. हा क्रम उलटा झाला की पुढचं सगळं फसतं.

अजून एक गैरसमज सुरुवातीलाच काढून टाका. चार तास बाहेर जायचं म्हणून पिल्लाला चार तास कामाला लावायचं नसतं. लहान पिल्लं दिवसातले १८-२० तास झोपतात. आपण गेल्यावर अर्धा-पाऊण तास त्याचं तोंड आणि नाक गुंतलं, मग डोळा लागला आणि आपण आल्यावरच ते उठलं, की जमलं. पुढचे सगळे टप्पे त्या झोपेसाठी आहेत.

टप्पा १ : कंटाळा आहे की भीती, हे आधी ओळखा

घरातला जुना मोबाइल उंचावर, फडताळावर ठेवा. रेकॉर्डिंग चालू करा किंवा स्वतःच्याच दुसऱ्या फोनवर व्हिडिओ कॉल लावून ठेवा. मग वीस मिनिटं खाली जाऊन या. शेजारच्या काकूंनाही विचारून ठेवा, "खरं सांगा, किती वेळ भुंकतंय?" भिडेखातर लोक सांगत नाहीत, आणि आपल्याला वाटतं सगळं आलबेल आहे.

रेकॉर्डिंगमध्ये काय बघायचं? कंटाळलेलं पिल्लू आधी थोडा वेळ झोपतं, उठतं, इकडंतिकडं हुंगतं आणि मग चप्पल उचलतं. घाबरलेलं पिल्लू दार लागल्या लागल्या सुरू होतं. येरझाऱ्या, धाप, लाळ, दाराच्या चौकटीवर नखं, लांबलचक रडणं. त्याची नासधूस बहुतेक दाराच्या आणि खिडकीच्या आसपास दिसते, कारण त्याला तुमच्या मागं यायचं असतं.

सगळ्यात सोपी खूण खाऊची. जाताना ठेवलेला आवडता खाऊ तुम्ही येईपर्यंत तसाच पडून असेल आणि तुम्ही दारात दिसताच पिल्लू त्यावर तुटून पडत असेल, तर तो कंटाळा नव्हे. घाबरलेल्या जिवाला घास उतरत नाही. अशा पिल्लाला अजून दहा खेळणी दिली तरी फरक पडणार नाही. त्याच्यासाठी टप्पा ५ महत्त्वाचा, तिथं दुप्पट वेळ द्या.

सावध : वीस मिनिटं पूर्ण करायचा हट्ट धरू नका. पाचव्या मिनिटाला पिल्लू घाबरंघुबरं झालेलं दिसलं तर लगेच परत या. उत्तर मिळालंय.

टप्पा २ : किती वेळ सोडता येईल, याचा हिशेब

हा टप्पा छोटा आहे, पण इथं लोक स्वतःशीच खोटं बोलतात. दोन महिन्यांचं पिल्लू तास-दीड तासाच्या वर लघवी धरू शकत नाही. तीन महिन्यांचं दोन-तीन तास, चार-पाच महिन्यांचं तीन-चार तास. सहा महिन्यांच्या पुढं, सराव झालेला असेल तर, चार तास ठीक. मोठं झालेलं कुत्रंही सहा तासांच्या वर एकटं ठेवू नये असं माझं मत आहे. रात्री पिल्लू जास्त वेळ धरतं, म्हणून दिवसाही धरेल असं समजू नका.

गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत ड्यूटी असेल तर जाण्यायेण्यासकट नऊ-दहा तास होतात. मग दुपारी कुणीतरी येऊन जायलाच हवं. आजी, भाचा, वरच्या मजल्यावरचा कॉलेजचा पोरगा, कुणीही चालेल. ही सोय आधी करा, मग पुढचं वाचा. जी लघवी धरणं त्याला शक्यच नाही तिच्यावर कुठलं खेळणं उपाय करणार?

टप्पा ३ : जागा तयार करा

पूर्ण घर मोकळं ठेवू नका. अर्ध्या वर्षाच्या पिल्लाला दोन-तीन खोल्यांची राखण झेपत नाही, प्रत्येक आवाजाला ते धावत राहतं. एक खोली किंवा हॉलचा एक भाग निवडा. लहान मुलांसाठी दारात लावतात तसलं फाटक मिळतं, ते उत्तम.

आता खरंच गुडघ्यांवर बसा आणि रांगत ती खोली बघा. उभ्यानं जे दिसत नाही ते खालून दिसतं. मोबाइलचा चार्जर, टीव्हीमागच्या वायरी, सोफ्याखाली गेलेली सुपारी, कोनाड्यातली तंबाखूची पुडी, डासांच्या औषधाची बाटली, उंदराचं औषध, कपाटाखाली घरंगळलेली गोळी. आपल्याकडं तंबाखू घराघरांत असते, आणि पिल्लाच्या पोटात ती विष आहे. कुंड्याही बघा. कण्हेर विषारी आहे, कोरफड आणि मनी प्लांट चघळल्यानं उलट्या, लाळ असला त्रास होतो. कुंड्या गॅलरीत हलवा आणि गॅलरीचं दार लावा.

गॅलरी म्हणजे पिल्लाची खोली नव्हे. गजांतून डोकं अडकतं, खालून भटकी कुत्री गेली की ते कठड्यावर चढतं, आणि दिवसभर रस्त्याकडं बघून भुंकायची सवय लागते. गच्चीवर बांधून जाणं तर अजिबात नको. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीची फरशी पायाला भाजते. साखळीनं घरातही बांधू नका, टेबलाच्या पायाला वेढे बसून गळा आवळल्याच्या घटना घडतात.

खोलीत काय हवं : जड बुडाचं पाण्याचं भांडं (स्टीलचा हलका वाडगा पालथा होणारच), झोपायला एक जागा, आणि रस्त्याकडच्या खिडकीला पडदा. बिछान्यावर तुमचा एखादा न धुतलेला जुना टी-शर्ट टाका. फरशी शहाबादी असेल तर पिल्लू बिछाना सोडून फरशीवरच पसरेल. पसरू द्या.

चपला कपाटात. आमची भिंगरी, गल्लीतच जन्मलेली, आता पाच वर्षांची आहे. पाच महिन्यांची असताना तिला मी एक जुनी कोल्हापुरी चघळायला दिली होती. कातडं आहे, टिकेल, असा माझा हिशेब. पंधरा दिवसांनी लग्नासाठी आणलेला नवा करकरीत जोड तिनं तितक्याच प्रेमानं संपवला. चूक तिची नव्हती. जुनी चप्पल आपली आणि नवी मालकाची, हे कुत्र्यानं कसं ओळखावं?

तपासा : या खोलीत पिल्लू तुमच्यासोबत रोज बसतं का? ती खोली फक्त तुम्ही जाताना उघडत असेल तर ती त्याच्या लेखी कोठडी आहे. आठवडाभर तिथं जेवण, लाड आणि दुपारची झोप आधी होऊ दे.

टप्पा ४ : खाऊ काढायला शिकवा, तुम्ही घरी असताना

या टप्प्याला किमान दोन आठवडे द्या. घाई केली तर पुढं सगळं पुन्हा करावं लागतं.

पहिली गोष्ट, खाऊ जादाचा नाही. रोजच्या जेवणातलाच एक तृतीयांश भाग बाजूला काढायचा आणि तो वाडग्यात न देता 'कमावून' खायला द्यायचा. वरचा चटकमटक खाऊ दिवसाच्या एकूण अन्नाच्या दहाव्या हिश्शाच्या पुढं जाऊ नये, नाहीतर वर्षभरात कुत्रं पिंप होतं.

*पहिली पायरी, टॉवेल.* जुना टॉवेल फरशीवर पसरा, त्यावर कोरड्या खाऊचे दाणे टाका. पिल्लू हुंगून खाईल. दोन दिवसांनी टॉवेल एकदा दुमडा, नंतर गुंडाळी करा, नंतर गुंडाळीला सैल गाठ मारा. टॉवेलच्या दशा निघत असतील तर आधी कापून टाका. दोरे गिळले तर आतड्यात अडकतात.

*दुसरी पायरी, अप्पेपात्र.* हे मला फार आवडतं, कारण घरात असतंच. बिडाचं जड अप्पेपात्र घ्या, प्रत्येक खळग्यात दोन-दोन दाणे टाका. पिल्लाला जमलं की निम्म्या खळग्यांवर टेनिसचे चेंडू ठेवा, नंतर सगळ्यांवर. चेंडू नाकानं ढकलला की खाऊ मिळतो, हे कळायला त्याला दोन-तीन दिवस लागतात. नॉनस्टिकचं पात्र मात्र नको, दातांनी लेप खरवडून पोटात जातो. आणि हा खेळ तुमच्या समोरच. चेंडू फाडून गिळणारी पिल्लं असतात.

*तिसरी पायरी, पोकळ रबरी खेळणं.* काँग या नावानं मिळतं ते, किंवा तसलंच दुसरं. घेताना तीन गोष्टी बघा. एक, पूर्ण तोंडात मावून घशाकडं सरकेल इतकं लहान नको, पिल्लू वाढणार आहे हे धरून घ्या. दोन, दोन्ही टोकांना भोक हवं. एकच भोक असेल तर चाटताना आतली हवा ओढली जाऊन जीभ अडकू शकते. तीन, अंगठ्याचं नख रुतवून बघा. थोडं रुतलं तर ठीक, अजिबात रुतलं नाही तर त्यावर दात तुटू शकतो. चघळायच्या प्रत्येक वस्तूला ही नखाची परीक्षा लावा.

भरण्याचाही चढता क्रम आहे. आधी नुसते कोरडे दाणे, खेळणं लोळवलं की सांडतील असे. मग दाणे दह्यात कालवून. मग घट्ट ठासून. आणि सगळ्यात शेवटी फ्रीजरमध्ये गोठवून. प्रत्येक पायरी तीन-चार दिवस. पहिल्याच दिवशी गोठवलेला गोळा दिला तर पिल्लू दोन मिनिटं झटतं, हरतं, आणि खेळण्याचं तोंड बघत नाही. राजारामपुरीत हेच झालं होतं.

भरायला काय : भिजवलेला रोजचा खाऊ, घट्ट दही, उकडून कुस्करलेलं रताळं किंवा लाल भोपळा, उकडलेलं बिनहाडाचं चिकन, उकडलेलं अंडं. भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट चमचाभर, मीठ-तिखट न घालता, आणि खवट किंवा बुरशीच्या वासाचे दाणे कटाक्षानं टाळून. दात येण्याच्या वयात, म्हणजे साधारण तीन ते सहा-सात महिने, हिरड्या शिवशिवतात. फ्रीजमध्ये गार केलेलं अख्खं गाजर तेव्हा बरं पडतं, पण समोर बसून. मोठा तुकडा घशात अडकतो.

चाटायला इडलीची ताटली वापरता येते. साच्यांत दही-भोपळा भरून फ्रीजरमध्ये ठेवा. ती धातूची आहे, म्हणून बाहेर काढल्यावर दहा मिनिटं तशीच राहू दे, नाहीतर ओली जीभ गोठलेल्या धातूला चिकटते.

सावध : तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा थेंबही नको. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मारतात, आणि आपला कुठलाच रस्सा त्याशिवाय होत नाही. रविवारच्या मटणाची हाडं तर नकोच. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या टोकदार फाका घशात-आतड्यात रुततात. द्राक्षं, बेदाणे, मनुका, चॉकलेट, चहा-कॉफी, आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं शुगर-फ्री काहीही, हे सगळं बंद. पांढऱ्या गाठी मारलेली चामड्याची 'हाडं' दुकानात मिळतात, ती ओली होऊन फुगतात आणि मोठा तुकडा गिळला जातो. एकट्या पिल्लाला ती देऊ नका.

खोक्यांचा खेळ काही पिल्लांना चालतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे बोळे आणि मधे दाणे. आधी चिकटपट्टी आणि पिना काढा. पिल्लू पुठ्ठा नुसता फाडत असेल तर फाडू द्या, खात असेल तर हा खेळ त्याच्यासाठी नाही.

तपासा : सहाव्या टप्प्यातला रबरी खेळण्याचा भाग सुरू करण्याआधी, गोठवलेलं खेळणं तुमच्यासमोर न कंटाळता वीस मिनिटं चालतंय का? आणि संपल्यावर पिल्लू आपसूक आडवं होतंय का? दोन्हीला 'हो' आलं पाहिजे.

टप्पा ५ : 'मी जातोय' हे साधं करून टाका

हा टप्पा चौथ्याच्या बरोबरीनं चालू ठेवला तरी चालतो, फक्त दोन्ही एकाच वेळच्या सरावात मिसळू नका.

आपण निघणार हे पिल्लाला आपल्या आधी कळतं. किल्ल्यांचा आवाज, हेल्मेट, डब्याची पिशवी, दाराची कडी, खाली ॲक्टिव्हा सुरू होणं. या प्रत्येक गोष्टीतला दम काढून घ्यायचा. किल्ल्या उचला आणि चहा प्यायला बसा. हेल्मेट घाला आणि भाजी निवडा. घरातले हसतील, हसू द्या. कडी उघडा, बंद करा, पेपर वाचा. दिवसातून दहा-बारा वेळा, आठवडाभर. किल्ली वाजली आणि पिल्लानं मानही वर केली नाही, की झालं.

मग जाणं. सुरुवात सेकंदांत. खोलीबाहेर पाऊल, पाच सेकंद, परत. काही बोलायचं नाही, बघायचं नाही. दहा सेकंद. मग दार लोटून पाच सेकंद. मग घराबाहेर दहा. आकडा रोज सरळ चढवत गेलात तर पिल्लाला कळतं की प्रत्येक वेळ आधीपेक्षा वाईट आहे. म्हणून चढउतार ठेवा. तीस सेकंद, दहा, पंचेचाळीस, पंधरा, एक मिनिट, वीस सेकंद. एका बैठकीत पाच-सहा वेळा, दिवसातून दोन बैठका. मधे दिवसभर नेहमीसारखं वागा.

पिल्लू कुरकुरायच्या आत परत यायचं, हा इथला नियम. कुरकुरलंच तर याचा अर्थ उडी मोठी झाली. आत या, गाजावाजा करू नका, पुढची वेळ निम्मी करा. "रडू दे, गप्प होईल" हा सल्ला प्रत्येक गल्लीत मिळतो. गप्प होतंही, थकून. दुसऱ्या दिवशी मात्र भीती आणखी लवकर सुरू होते.

पाच मिनिटांपर्यंत पोचायलाच आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. तिथून पुढं जिन्याच्या पहिल्या वळणावर, मग खाली, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. अस्वस्थता बहुतेक पहिल्या ४० मिनिटांतच दिसते. त्यामुळं ४० मिनिटं शांतपणे जमली की पुढची वाढ भराभर होते. दीड तास जमला की चार तासांचा धीर करायला हरकत नाही.

सगळ्यात अवघड अट शेवटी सांगतो. हा सराव चालू असेपर्यंत, जेवढं जमतंय त्याहून जास्त वेळ पिल्लाला एकटं सोडायचं नाही. सकाळी तीन मिनिटांचा सराव आणि दुपारी पाच तास कोंडणं, यात सराव हरतो. सुट्ट्या वाटून घ्या, आजोबांना बोलवा, दुकान असेल तर दुकानात न्या. तीन-चार आठवड्यांची ही ओढाताण आहे. पिल्लू आणायच्या आधी याचा विचार केला तर फार बरं, पण करतो कोण!

तपासा : मोबाइलच्या रेकॉर्डिंगमध्ये, तुम्ही गेल्यावर पिल्लू आडवं होऊन मान टेकतंय का? नुसतं गप्प बसणं पुरेसं नाही. दाराकडं टक लावून ताठ बसलेलं पिल्लू गप्पच असतं.

टप्पा ६ : खऱ्या दिवसाचा क्रम

आता दोन्ही जोडायचं. साडेनऊला निघणाऱ्यासाठी माझा क्रम असा. तुमच्या वेळेनुसार सरकवा, पण मधलं अंतर मोडू नका.

*१. पावणेसातला फिरणं, २५-३० मिनिटं.* रंकाळ्यावर किंवा विद्यापीठाच्या परिसरात सकाळी कुत्री घेऊन पळणारे दिसतात. तुम्ही पळू नका. हुंगू द्या. प्रत्येक खांब, प्रत्येक झुडूप. नाकाचं काम डोक्याला थकवतं, आणि थकलेलं डोकं झोपतं. चेंडू फेकून अर्धा तास पळवलेलं पिल्लू घरी येतं ते फुरफुरतच, त्याला शांत व्हायला तासभर जातो. रंकाळ्याच्या कट्ट्यावर आदल्या संध्याकाळची भेळेची पानं आणि चिकनची हाडं पडलेली असतात, तेवढं दोरीवर लक्ष ठेवा. लसीकरण पूर्ण झालेलं नसेल तर खाली सोडू नका, कडेवर घेऊन फिरवा. पार्व्हो या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो.

*२. साडेसातला पाच मिनिटं शिकवणी.* बस, थांब, ये. तेवढीच.

*३. पावणेआठला नाश्ता, निम्माच.* उरलेला खेळण्यात गोठलेला आहे. फिरून आल्या आल्या लगेच वाडगा पुढं करू नका आणि जेवल्यावर उड्या मारायला लावू नका, मोठ्या जातींमध्ये पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो.

*४. आठ ते नऊ, दुर्लक्ष.* घरात डबे, आंघोळी, शाळेची गडबड चालू असते. पिल्लू त्याच्या खोलीत. हा तास लोक विसरतात. निघेपर्यंत पिल्लाशी खेळत राहिलात तर दार लागताच कडा कोसळल्यासारखं होतं. तुम्ही घरात असूनही त्याच्याकडं लक्ष नाही, ही मधली पायरी त्याला हवी.

*५. सव्वानऊला पुन्हा एकदा खाली, फक्त शी-सूसाठी.* नाश्त्यानंतर पिल्लाला बहुधा पुन्हा होतेच. हे चुकलं तर कितीही गोड खेळणं असलं तरी ते कळवळतंच.

*६. पडदा ओढा, पंखा लावा, रेडिओ हळू आवाजात.* जिन्यातली पावलं आणि कचऱ्याच्या गाडीचा आवाज त्यानं थोडा झाकला जातो. रेडिओ तुम्ही घरी असतानाही लावत जा. फक्त जाताना लावलात तर तोसुद्धा किल्लीसारखी निघण्याची नवी खूण होतो.

*७. साडेनऊला पाच मिनिटं असताना खेळणं द्या,* गळ्यातला पट्टा काढा (कुठं अडकायला नको), दोन-तीन मिनिटं तिथंच काहीतरी करत राहा आणि निघा. "आई लगेच येते हं बाळा" वगैरे निरोप समारंभ नको. न सांगता चोरून पळणंही नको. साधं एक "येतो" म्हणा, रोज तेच, आणि चला.

पहिल्या दिवशी हा सगळा सोपस्कार करून फक्त अर्ध्या तासात परत या. दुसऱ्या दिवशी तास. आणि आठवड्यातून एक-दोनदा भरलेलं खेळणं देऊन घरीच थांबा, नाहीतर खेळणं दिसताच पिल्लाला पोटात गोळा येईल.

तीन संच ठेवा, रोज एक बाहेर, दोन कपाटात. तेच खेळणं चौथ्या दिवशी नवं वाटतं. सगळी एकदम पसरली की कशालाच किंमत राहत नाही.

टप्पा ७ : परत आल्यावर

आत या, पिशवी ठेवा, पाणी प्या. पिल्लाचे चारही पाय जमिनीवर आले की मग हात फिरवा. त्याला लगेच खाली न्या. रिकामी खेळणी उचला, धुवा, पुढच्यासाठी भरून फ्रीजरमध्ये टाका. दह्याचं उष्टं खेळणं दोन दिवस सोफ्याखाली राहिलं तर मुंग्यांची रांग लागते आणि पोटही बिघडतं.

नासधूस झाली असेल तर? काही करायचं नाही. फाटलेल्या उशीजवळ नेऊन ओरडलात तर त्याला उशीशी संबंध लागतच नाही, तासापूर्वीचं कृत्य आणि आत्ताचा राग त्याच्या डोक्यात जुळत नाहीत. 'बघा कसं अपराधी तोंड करतंय' म्हणतो ते तुमच्या चेहऱ्याला घाबरलेलं तोंड असतं. त्यातून ते एवढंच शिकतं की मालक परत येणं धोक्याचं आहे. मग एकटेपणाही वाईट आणि परतणंही. लघवी केली असेल तर पुसा, फिनाइलवर न थांबता व्हिनेगरच्या पाण्यानं पुन्हा पुसा, वास राहिला की जागा ठरते.

ऋतूप्रमाणं थोडे बदल

पावसाळ्यात आपल्याकडं दिवसेंदिवस झड लागते आणि फिरणं बुडतं. त्या दिवशी घरातच नाकाचं काम वाढवा. सकाळचा नाश्ता सगळा दाणा-दाणा करून खोलीभर लपवा, तुम्ही समोर असताना. पंधरा मिनिटं शोधलं की पिल्लू बऱ्यापैकी शांत होतं. साचलेल्या पाण्यातून फिरवणं टाळा, त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होऊ शकतो, त्याची लस डॉक्टरांना विचारून घ्या.

उन्हाळ्यात पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत दुपारी पिल्लू ठेवू नका. लाइट गेली की पंखा बंद, हे गृहीत धरा. इन्व्हर्टर नसेल तर तळमजल्याची, फरशीची, हवेशीर खोली निवडा.

गणपती आणि दिवाळी. मिरवणुकीच्या डॉल्बीनं खिडक्या थरथरतात, तिथं गोठवलेलं दही काय करणार? त्या दिवसांत त्याला एकटं ठेवूच नका. एका दिवसाच्या भीतीनं दोन महिन्यांची मेहनत पाण्यात जाते, हे मी भिंगरीच्या पहिल्या अनंत चतुर्दशीला अनुभवलंय. दोन तासांत येऊ म्हणून मिरवणूक बघायला गेलो आणि गर्दीत अडकलो. ती न्हाणीघरात बादलीमागं बसलेली सापडली. पुन्हा पाच सेकंदांपासून सुरुवात करावी लागली.

गाडी अडली तर

खेळणं दहा मिनिटांत रिकामं होतंय : भरणं सैल आहे. जास्त ठासा, जास्त गोठवा, किंवा दोन खेळणी खोलीच्या दोन कोपऱ्यांत ठेवा.

एक तास उत्तम, मग भुंकणं : बहुधा बाहेरचा आवाज. रेकॉर्डिंगची वेळ आणि शेजाऱ्यांनी सांगितलेली वेळ जुळवून बघा. आमच्या इमारतीत तो कुरिअरवाला निघाला. दारावर 'बेल वाजवू नका' अशी चिठ्ठी लावली आणि प्रश्न मिटला.

आठ-नऊ महिन्यांत अचानक बिघडलं : वयात येताना असं होतं. रागावू नका, आकडे निम्मे करा, पुन्हा चढवा. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक पूर्वपदावर येतं.

महिनाभर सगळं नीट करूनही लाळ, धाप, स्वतःचे पाय चाटून सोलणं, दारावर दात घासून रक्त : इथं घरगुती उपाय थांबवा. जनावरांच्या डॉक्टरांकडं न्या आणि सोबत ते रेकॉर्डिंग न्या. तोंडी सांगितलं तर "लहान आहे, सुधारेल" ऐकून परत याल. दोन मिनिटांचा व्हिडिओ दाखवला की ते पुढचं विचारतात. अशा पिल्लांना काही काळ औषधाची जोड लागू शकते. ते डॉक्टरांनी ठरवायचं. माणसांच्या झोपेच्या गोळीचा तुकडा दह्यात घालून देणारे लोक मी पाहिलेत, तसलं काही करू नका.

राजारामपुरीतल्या त्या लॅब्रेडॉरचं काय झालं ते सांगायचं राहिलं. सगळी खेळणी तीन आठवडे कपाटात गेली, टॉवेलपासून सुरुवात झाली, दुपारी नवऱ्याची आई येऊन बसू लागली. आता साडेतीन तासांपर्यंत मजल गेली आहे. नवीन सोफा मात्र त्यांनी अजून घेतलेला नाही, दात पूर्ण येऊ दे म्हणतात.